इंदूरच्या काळ्या मातीत परसबागेचे वर्ष केव्हापासून धरावे?

राजेंद्रनगरवासी (प्रश्न)

नमस्कार.

राजेंद्र नगरमधील आमच्या घरामागे साधारण बारा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब अशी मोकळी जागा आहे. माती काळी आणि खोल आहे, ऊन सकाळपासून चार वाजेपर्यंत मिळते, आणि सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता, अळवाचा वाफा व शेवग्याचे एक झाड अजून उत्तम स्थितीत आहे. उरलेल्या जागेत आम्ही भाजी लावतो. या वर्षापासून घरात असे ठरले आहे की भाजीच्या बाबतीत शक्य तितके ऋतूप्रमाणे राहायचे. म्हणजे परसात त्या काळात जे येते ते आधी शिजवायचे आणि कमी पडेल तेवढेच ठेल्यावरून घ्यायचे. चोइथराम मंडीमुळे इंदूरमध्ये फ्लॉवर आणि टोमॅटो बारा महिने मिळतात ही सोय खरीच आहे, पण जूनमधल्या फ्लॉवरला आणि जानेवारीतल्या भेंडीला चव नसते, असे आमच्या घरातील सर्वांचेच मत आहे.

अडचण वेळापत्रकाची आहे. माझ्याकडे असलेली मराठी वेळापत्रके पुणे आणि नाशिककडच्या हवेला धरून केलेली आहेत. त्यांत मृग लागताच पेरणी करावी असे दिलेले असते, आणि आपल्याकडे तर मृगात अनेकदा नुसता वारा आणि धूळ असते. हिंदीत मिळणारी वेळापत्रके बहुधा दिल्ली आणि उत्तर प्रदेशासाठी असतात, तिथली थंडी आपल्यापेक्षा कितीतरी कडक असते. माळव्याला यांतले कोणतेच नीट लागू पडत नाही.

म्हणून जाणत्यांना विचारते की परसबागेचे वर्ष इथे कोणत्या काळापासून धरावे, आणि पेरणीचा दिवस कशावरून ओळखावा. पावसाळ्यात काळी माती चिकट होऊन बी कुजते, त्यावर काय करावे? मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरअखेरीस परस जवळजवळ रिकामे असते, तो काळ घरच्या भाजीवर कसा काढावा? शेवटचे असे की, मागच्या हिवाळ्यात फ्लॉवरची रोपे जोमदार दिसत असूनही गड्डे लिंबाएवढेच राहिले. त्याचे कारण कोणी सांगू शकेल का?

लोकमान्यनगर_परस

ताई, आपण ऋतूप्रमाणे राहण्याचे ठरवले आहे, तर वेळापत्रक बाहेर शोधण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात पाहावे असे मी सुचवीन. मराठी घरात वर्षाला तीन भाज्या अशा होतात की त्या परसबागेची परीक्षाच घेतात. भाद्रपदातील ऋषिपंचमीची भाजी, मार्गशीर्षातील चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत, आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी. या तिन्ही भाज्या घरच्या वाफ्यांतून व्हाव्यात असे मनात धरले आणि तिथून उलटे दिवस मोजले, की वर्षाची बहुतेक आखणी आपोआप होते. आमच्या घरात आईने हेच केले आणि मीही हेच करते.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, म्हणजे नांगरट केलेल्या शेतातले चालत नाही. त्यामुळे त्या भाजीत येते ते सगळे परसातले असते: अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, काकडी, लाल भोपळा, भुट्ट्याचे दाणे. ही यादी म्हणजे पावसाळी परसबागेचा पूर्ण आराखडा आहे. भेंडीला पेरल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत दीड महिना पुरतो, दोडका आणि पडवळ दोन महिने घेतात, भुट्टा अडीच महिने घेतो, आणि लाल भोपळा पिकायला तीन महिन्यांहूनही जास्त लागतात.

मात्र इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. सण तिथीने येतो, आणि तिथी चंद्राची असल्यामुळे ती ऋतूच्या मानाने मागेपुढे सरकते. २०२५ साली ऋषिपंचमी २८ ऑगस्टला आली. २०२६ साली ज्येष्ठ महिना अधिक असल्याने ती १५ सप्टेंबरला येते. भेंडीच्या दृष्टीने अठरा दिवसांचा हा फरक फार मोठा आहे. त्याउलट पंचांगातील पावसाची नक्षत्रे सूर्याची असतात आणि एखाद्या दिवसाच्या फरकाने दरवर्षी त्याच तारखांना लागतात. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ८ जूनला, आर्द्रा २२ जूनला, हस्त २७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरला आणि स्वाती २४ ऑक्टोबरला. म्हणून पेरणी नक्षत्रावर करावी आणि सण केव्हा येतो ते पाहून त्यातली पिके निवडावीत. सण लवकर असेल त्या वर्षी लाल भोपळ्याचे बी मे महिन्यातच आळ्यात घालून त्याला पाणी द्यावे लागते, नाहीतर ऋषिपंचमीला कोवळ्या भोपळ्यावर भागवावे लागते.

मृगाबद्दल आपण लिहिले आहे ते बरोबर आहे. कोकणात आणि देशावर जो पाऊस मृगात येतो तो इंदूरला बहुधा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोहोचतो, म्हणून आपल्याकडे पेरणीचे खरे नक्षत्र आर्द्रा आहे. पण वर्षाची सुरुवात त्याच्या आधी, रोहिणीत होते. त्या नऊ दिवसांच्या नवतप्यात पेरायचे काही नसते, परंतु पावसाळ्यात बाग जगेल की कुजेल हे त्या दिवसांत ठरते. हिवाळी पिके निघाल्यावर मार्चअखेरीस जमीन खणून ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत. मोठी ढेकळे फोडण्यात शक्ती घालवू नये, पहिल्या चांगल्या सरीने ती स्वतःच विरतात. नवतप्यात फक्त वाफ्यांची आखणी करावी: तीन फूट रुंद, वीतभर उंच गादीवाफे, मधल्या नाल्यांना एका बाजूला उतार, आणि पाणी बाहेर जाण्याची वाट मोकळी. पाऊस सुरू झाल्यावर हे काम करता येत नाही, कारण ओल्या काळ्या मातीत पाय घातला की ती दाबली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी कडक होते.

पेरणीचा दिवस ओळखण्याची एकच खात्रीची खूण आहे आणि ती म्हणजे वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी पेरणीजोगी होणे. वाफ्यातली मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि तो कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो तसाच राहिला किंवा चपटा झाला तर थांबावे, फुटून मोकळा झाला तर त्याच दिवशी पेरावे. जोराच्या पावसानंतर काळ्या मातीला वाफशावर यायला तीनचार कोरडे दिवस लागतात, आणि काही वर्षी जुलैत असे दिवस मिळतच नाहीत. त्यासाठी वेलवर्गीय भाज्यांचे बी मी मृगातच कागदी पेल्यांत, पडवीच्या कडेला लावून ठेवते आणि दोन पाने नीट उलगडली की मातीच्या गड्ड्यासकट गादीवाफ्यावर हलवते. मुळे दुखावली गेली नाहीत तर दोडका, गिलकी, काकडी यांना स्थलांतर सहन होते. बी कुजण्याचा आपला प्रश्न यामुळे बराचसा सुटेल.

वेलांविषयी आणखी एक. दोडक्याची आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. काकडी, कारले आणि भोपळा यांची पहाटेपासून सकाळपर्यंत. घराभोवती माश्या आणि पाखरे कमी असतील आणि कोवळी फळे पिवळी पडून गळत असतील, तर नर फूल तोडून मादी फुलाला त्या त्या वेळी स्वतः लावावे. दोडक्यासाठी सकाळी जाऊन उपयोग होत नाही.

चंपाषष्ठीच्या भरितासाठी वांग्याचे बी जूनमध्ये वाफ्यात टाकून जुलैअखेर रोपे लावावीत. पहिली वांगी सप्टेंबरअखेरीस येऊ लागतात, पण चातुर्मासात ज्या घरी वांगे वर्ज्य आहे त्यांनीही काळजी करू नये, कारण पावसात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी इतकी असते की तोवर अर्धी फळे किडकीच निघतात. तो काळ झाड सांभाळण्याचा आहे. मलूल झालेला शेंडा दिसताच अळीच्या भोकाखालून कापून बागेबाहेर न्यावा. थंडी पडली की अळी कमी होते आणि नोव्हेंबरात येणारी फळे निरोगी, चकचकीत असतात. भरितात पात हवीच, त्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यावर घरातलेच लहान, कोंब आलेले कांदे वाफ्याच्या कडेने रोवून ठेवावेत. होळकरांचे कुलदैवत खंडोबा असल्यामुळे आपल्या शहराला चंपाषष्ठीचे अगत्य जरा अधिकच असावे, असे मला नेहमी वाटते.

भोगी सूर्यावर चालते, त्यामुळे ती जवळजवळ स्थिर आहे. तेरा जानेवारीपासून मागे मोजावे. गाजर आणि सोलाण्यांसाठी हरभरा तीन महिने घेतात, म्हणून ते चित्रा नक्षत्र लागल्यावर लगेच पेरावेत. मटार दोन ते सवादोन महिन्यांचा, तो स्वातीत. वालाचे, म्हणजे आपल्या इथल्या बालोरचे, गणित मात्र वेगळे आहे. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्याला फुले येत नाहीत. जूनमध्ये लावला तरी तो दसरा-दिवाळीपर्यंत नुसता पसरत राहतो, म्हणून जागा कमी असेल तर तो जुलैअखेरीस लावणे अधिक शहाणपणाचे.

राहिला रिकाम्या काळाचा प्रश्न. मे आणि जूनमध्ये परसातून ताजे फार काही मिळेल ही अपेक्षा सोडावी. त्या काळात आपल्याकडे चवळई, पुदिना, शेवग्याचा पाला आणि कढीपत्ता एवढेच खरे. बाकीचे मार्च-एप्रिलमध्येच घरात आलेले असते: लसूण, कांदे, देठासकट तोडून ठेवलेले कोहळे आणि लाल भोपळे, कोहळ्याचे सांडगे, गवारीच्या वाळवलेल्या शेंगा, मीठ लावून वाळवलेल्या कारल्याच्या काचऱ्या, सावलीत सुकवलेली मेथी. वाळवणाचा मोसम माळव्याच्या कोरड्या उन्हात फार सुरेख साधतो. सप्टेंबरअखेरची पोकळी यापेक्षा सोपी आहे. जुलैच्या शेवटी वाफसा मिळताच गवार आणि चवळीची दुसरी पेरणी केली, की जुने वेल संपताना ती शेंगांवर येते.

भाजीपाला_शिक्षक

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्यातील वाफशाचे आणि नक्षत्रांचे विवेचन अचूक आहे. मी अनेक वर्षे भाजीपाला पिके शिकवली आहेत, तेव्हा फ्लॉवरच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

फ्लॉवरच्या जाती गड्डा धरण्यासाठी लागणाऱ्या तापमानाप्रमाणे गटांत विभागलेल्या आहेत. पूसा दीपालीसारख्या लवकर येणाऱ्या जाती सुमारे २० ते २७ अंशांत गड्डा धरतात, आणि पूसा स्नोबॉलसारख्या उशिराच्या जातींना १० ते १६ अंशांची थंडी लागते. लवकरची जात उशिरा लावली, तर झाडाची पाने पुरेशी वाढण्याआधीच थंडी त्याला गड्डा धरायला लावते आणि गड्डा लिंबाएवढा राहतो. उशिराची जात लवकर लावली, तर उलट घडते. झाड पानेच काढत बसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपवाटिकेतून नाव न विचारता आणलेली रोपे बहुधा लवकरच्या जातीची किंवा फार दिवस वाफ्यात राहून जून झालेली असतात. सहा आठवड्यांहून अधिक वयाचे रोप लावले तरीही गड्डा असाच लहान राहतो, आणि नत्र कमी पडले तरीही. इंदूरसाठी लवकरच्या जातीची रोपे जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये लावून ती दिवाळीच्या सुमारास काढावीत, आणि स्नोबॉल गटाचे बी सप्टेंबरअखेर टाकून रोपे नोव्हेंबरच्या सुरुवातीस लावावीत. रोपे विकत घेताना जातीचे नाव सांगता येत नसेल तिथून ती घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळ्याचेही तसेच आहे. पूसा चेतकी ही उन्हाळा व पावसाळ्याची जात आहे आणि पूसा हिमानी कडक थंडीची. ऑगस्टअखेरीस गादीवाफ्यावर पेरलेली पूसा चेतकी सहा आठवड्यांत तयार होते, म्हणजे आपली सप्टेंबर-ऑक्टोबरची पोकळी भरून काढण्यास ती मदत करील. भेंडीत पावसाळ्यात पाने पिवळ्या जाळीदार शिरांची होतात, तो पांढरी माशी पसरवत असलेला विषाणूरोग आहे. तसे झाड दिसताच उपटावे, ते बरे होत नाही. परभणी क्रांती ही जात या रोगाला तोंड देण्यासाठीच काढलेली होती. तिची प्रतिकारशक्ती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, तरी घरच्या बागेत मी तिलाच पसंती देईन. मात्र कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे दिसले तर तो रोग नव्हे. काळ्या, अल्कधर्मी आणि पाणी साचलेल्या मातीत झाडाला लोह घेता येत नाही, त्याची ती खूण आहे. तिथे निचरा सुधारावा.

आता मतभेदाचा मुद्दा. वर्ष रोहिणीत सुरू होते, हे मला मान्य नाही. माळव्याच्या काळ्या मातीचे खरे वैशिष्ट्य असे आहे की ती पावसाचे पाणी खोलवर धरून ठेवते आणि हिवाळ्यात सावकाश सोडते. सोयाबीन येण्यापूर्वी इथले शेतकरी पावसाळ्यात पुष्कळशी जमीन रिकामी ठेवत आणि साठलेल्या ओलीवर पाणी न देता माळवी गहू घेत. साधारण साडेनऊशे मिलिमीटर पावसातला बराच भाग चार महिन्यांत मातीत साठवायचा आणि पुढचे पाच महिने त्यावर पीक घ्यायचे, ही या भूमीची जुनी रीत आहे. परसबागेलाही तीच लागू करावी. म्हणून मी वर्ष हस्त नक्षत्रापासून धरतो आणि एकूण जागेचा तिसरा हिस्सा पावसाळ्यात भाजीला देत नाही. तिथे पहिल्या पावसावर ताग पेरतो, फुले येण्याच्या आधी, म्हणजे सुमारे दीड महिन्यांनी, कापून मातीत गाडतो, आणि सप्टेंबरअखेर तोच वाफा गाजर, मेथी, मटार आणि लसणासाठी तयार असतो. ताईंच्या बारा बाय पंचवीस फुटांच्या जागेत सगळीकडे भेंडी आणि वेल लावण्यापेक्षा हे अधिक लाभाचे ठरेल, कारण इंदूरमध्ये घरची भाजी भरभरून मिळण्याचा काळ नोव्हेंबर ते मार्च हाच आहे.

हिवाळी पेरणीचा दिवस ओळखण्यासाठी महिना पाहू नये, रात्र पाहावी. दुपारी ऊन कितीही असले तरी पहाटे पांघरूण घ्यावे लागू लागले, की कोथिंबीर आणि मेथी पेरण्यास हरकत नाही. त्याआधी पेरलेली कोथिंबीर उगवत नाही किंवा उगवून लगेच बोंडावर येते. टोमॅटोलाही रात्रच महत्त्वाची असते. रात्रीचे तापमान वीस-बावीस अंशांच्या वर राहू लागले की फुले गळतात, म्हणून जानेवारीत लावलेल्या टोमॅटोपासून एप्रिलच्या पुढे फारशी अपेक्षा ठेवू नये. माळव्याच्या उन्हाळी रात्री थंड असल्याची ख्याती आहे आणि तिचा लाभ मार्चमध्ये टोमॅटोला नक्की मिळतो, मेमध्ये नाही.

वांगी, टोमॅटो किंवा भेंडी उपटल्यावर मुळांवर गाठी दिसत असतील, तर तो वाफा मे महिन्यात भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. या गाठी आणणारे सूत्रकृमी, तणांचे बी आणि बुरशी बऱ्याच अंशी मरतात. रिकाम्या महिन्याचा याहून चांगला उपयोग नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

ग्वाल्हेरचा अनुभव जोडतो, कारण इंदूरच्या मंडळींना आपली हवा किती सौम्य आहे याची पुरती कल्पना येत नाही असे मला दिसते. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि जानेवारीत दाट धुके व दोन-तीन अंशांपर्यंतची थंडी पडते. इंदूरमध्ये जानेवारीचे किमान तापमान दहा अंशांच्या आसपास असते, तिथे वांग्याचे झाड हिवाळा काढून पुन्हा फळते. आमच्याकडे उघड्यावरच्या वांग्याची आणि टोमॅटोची पाने एका रात्रीत करपतात. थंडीची लाट येणार असे कळले की आम्ही संध्याकाळी हलके पाणी देतो आणि चार काठ्या रोवून त्यांवर जुने धोतर किंवा चादर टाकतो, सकाळी ऊन आल्यावर ती काढतो. ओली माती रात्री कमी थंड होते. इंदूरलाही काही वर्षी पारा चार-पाच अंशांवर उतरतो, तेव्हा भोगीच्या आठवड्यात एवढी तयारी आपणही ठेवावी.

मात्र मटार आणि गाजर ग्वाल्हेरला अधिक गोड येते, आणि भेंडीचे बी आम्ही फेब्रुवारी संपल्याशिवाय मातीत घालत नाही. इंदूरच्या काळी माती असलेल्या परसातही भेंडीसाठी फेब्रुवारीच्या मध्याआधी घाई करू नये, कारण गार मातीत तिचे बी नुसते पडून राहते.

राजेंद्रनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. जातीचे नाव न विचारता रोपे आणल्यामुळे गड्डे लहान राहिले असणार, हे आता स्पष्ट झाले. तागासाठी मागची बाजू सोडून द्यायचे आणि वाफ्यांची आखणी नवतप्यात करायची, असे दोन्ही मतांना धरून ठरवले आहे.

आणखी दोन शंका आहेत. घरचा ओला कचरा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पडणारा कडुनिंबाचा पाला यांचे खत करायचे आहे, पण पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते. आणि सराफा बाजारात हिवाळ्यात तळून मिळतो तो गराडूचा कंद घरी लावता येतो का?

लोकमान्यनगर_परस

खताबद्दल बाहेरचे काही शोधण्याची गरज नाही, कारण जगभर जी इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते ती याच शहरात सिद्ध झाली. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, वेळोवेळी खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसवली. आपल्या शंकेचे उत्तर त्यांच्या रीतीतच आहे. कोरड्या ऋतूत खड्डा, म्हणजे ओल टिकते. पावसाळ्यात जमिनीवर ढीग, म्हणजे पाणी साचत नाही आणि हवा खेळते.

परसात हे लहान प्रमाणात सहज होते. मार्चमध्ये कडुनिंबाचा पाला जाळू नये आणि कचरागाडीतही देऊ नये, पोत्यांत भरून कोरडा ठेवावा. त्यातला अर्धा उन्हाळ्यात झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरावा, कारण नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असताना मातीतील ओल टिकवण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. उरलेला पाला पावसाळ्यासाठी ठेवावा. विटांच्या एका थरावर, छपराखाली किंवा जुन्या पत्र्याखाली ढीग रचावा: चार बोटे कोरडा पाला, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्यावर शेणकाल्याचा हलका शिडकावा आणि मूठभर माती. तुडवू नये. पंधरा दिवसांनी, त्यानंतर पुन्हा पंधरा दिवसांनी आणि दुसऱ्या महिन्याअखेरीस असा तीनदा तो खालीवर करावा. मूळ पद्धतीत राख आहे, पण आपली माती आधीच अल्कधर्मी असल्यामुळे ती चिमूटभरच घालावी. ढिगाला दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली असे समजून आणखी पाला मिसळावा. जूनअखेर रचलेला ढीग हस्त नक्षत्रापर्यंत तयार होतो, म्हणजे नेमका हिवाळी वाफ्यांच्या वेळी.

शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीबद्दल मांडलेले मत मी मान्य करते, विशेषतः तागाचे. माझा आग्रह एवढाच आहे की वर्ष हस्तात धरले तरी नवतप्यातले वाफ्यांचे काम टळत नाही.

गराडू अवश्य लावावा. तो मोठा वेल आहे, त्याला भिंत, जाळी किंवा आपला शेवगा आधाराला द्यावा. मे महिन्याच्या शेवटी दोन फूट खोल खड्डा करून, त्यात निम्मे कुजलेले खत आणि निम्मी माती भरून, सालीसकट कापलेला कंदाचा तुकडा लावावा. खड्ड्यातली माती जितकी भुसभुशीत तितका कंद सरळ आणि मोठा होतो. नुसत्या काळ्या मातीत तो वेडावाकडा वाढतो आणि खणताना तुटतो. पावसाळाभर वेल पसरतो, दिवस लहान झाल्यावर कंद भरू लागतो, आणि पाने पिवळी पडून वेल वाळू लागला की, बहुधा डिसेंबरात, बाजूने खणून कंद काढावा. सोलताना हातांना खाज सुटते, म्हणून आधी तेल लावावे. तळण्याआधी तुकडे थोडे वाफवून घेतले तर आतून मऊ राहतात. वेलाच्या बाजूचा, डोक्याकडचा तुकडा मात्र खाऊ नये. कापलेल्या भागाला राख लावून तो कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावा, पुढच्या मे महिन्यात लावायला तोच उपयोगी पडतो.